अंतर आणि अंतर देणें

दोन गांवांमधील अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं साधा आहे. परंतु मुंबई व लंडन या दोन शहरांविषयीं तो विचारला, तर उत्तर देणाऱ्यास प्रथम उलट विचारावें लागतें कीं, कोणत्या वाटेनें, कोणत्या काळीं आणि कोणासाठीं? पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्यें जी आंखूडांत आंखूड रेषा काढतां येते तिची लांबी सुमारें ७,२०० किलोमीटर, म्हणजे साडेचार हजार मैलांस किंचित् कमी, भरते. शाळेंतील नकाशावर पट्टी ठेवून आंखलेली ती रेषा नव्हे. नकाशावर ती उत्तरेकडे कमानीसारखी वांकलेली दिसते. गोल वस्तु सपाट कागदावर पसरली म्हणजे सरळ वाटही वांकडी दिसूं लागते. वाटेंत मोठा वळसा पडला नाहीं तर विमानास ही मजल मारण्यास मुंबईहून जातांना साडेनऊ तासांच्या आसपास लागतात, आणि लंडनहून परत येतांना त्याहून तासभर कमी. मैल दोहों बाजूंनीं सारखेच. वेळ मात्र सारखा नाहीं. तीस-चाळीस हजार फुटांच्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहत असतात. जाणाऱ्याच्या ते तोंडावर येतात व परतणाऱ्याच्या पाठीशीं उभे राहतात.

हे आंकडे आम्ही केवळ कुतूहल पुरविण्यासाठीं देत नाहीं. आमचा प्रश्न नीतीचा आहे. प्रवासाचा वेळ कमी झाला म्हणजे दूर राहणाऱ्या माणसाचें कर्तव्य वाढतें काय? सहा महिन्यांची वाट असतांना जी अनुपस्थिति सर्वांनीं बिनतक्रार माफ केली, ती साडेनऊ तासांच्या वाटेवर माफ करावी काय? मुलगा किंवा मुलगी लंडनला आणि आईबाप पुण्यास, साताऱ्यास अथवा नागपुरास, अशीं घरें आज महाराष्ट्रांत थोडथोडकीं नाहींत. त्या घरांत हा प्रश्न कोणी तोंडानें विचारीत नसेल. पण मनांत तो दोन्ही टोंकांस विचारला जात असतो, आणि न विचारलेल्या प्रश्नांचींच उत्तरें माणसें एकमेकांस अधिक कडवटपणें देतात.

प्रथम हें अंतर कसकसें आटत गेलें तें पाहूं. शिडाच्या जहाजांच्या काळीं विलायतेची वाट आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून जाई. सुमारें साडेदहा हजार सागरी मैलांची ती वाट कापावयास चार-सहा महिने लागत, आणि वारा पडला तर तो हिशेबही खोटा ठरे. पुढें आगबोटी आल्या. सुवेझपर्यंत एक बोट, तेथून इजिप्तची भूमि ओलांडून दुसरी बोट, असा प्रवास होऊं लागला. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि सागरी वाट सव्वासहा हजार मैलांच्या घरांत आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दोन-तीन आठवड्यांत लंडन गांठतां येऊं लागलें. ३० मार्च १९२९ रोजीं इम्पीरियल एअरवेजनें लंडनजवळच्या क्रॉयडनपासून कराचीपर्यंत विमानसेवा सुरू केली, तिला सात दिवस लागत. आणि त्यांतही मधला एक टप्पा उतारूंस आगगाडीनें करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथें टपालाच्या थैल्या घेऊन आपलें लहानसें विमान उतरविलें. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान कैरो व जिनीव्हा असे थांबे घेत मुंबईहून लंडनला निघालें. १९६० सालीं जेट विमानें आलीं आणि दिवसांचा हिशेब कायमचा तासांवर आला.

त्यानंतर मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. वेग वाढावयाचा थांबला. जेट विमान त्या काळीं तासाला नऊशें किलोमीटरच्या आसपास जात असे, आजही तेवढेंच जातें. मधले थांबे गळाले, भाडें पुष्कळांच्या आवाक्यांत आलें, उतारूंची संख्या वाढली. परंतु दोन शहरांमधील आकाशांतला वेळ गेल्या साठ वर्षांत म्हणण्यासारखा कमी झालेला नाहीं. म्हणजे ज्या अंतराविषयीं आम्ही बोलत आहों तें निसर्गाकडून जेवढें कमी करून घेतां आलें तेवढें केव्हांच घेऊन झालें आहे. आतां जें अंतर उरलें आहे, त्याचा जाब वाऱ्याला किंवा समुद्राला विचारण्यांत अर्थ नाहीं.

जुन्या काळच्या विरहाचें स्वरूप यामुळें निराळें होतें. जहाज दृष्टीआड झालें म्हणजे घरच्यांनीं मनाची एक प्रकारें समजूत घालून घेतलेली असे. परदेशगमनास धर्मशास्त्राचा निषेध, परतल्यावर प्रायश्चित्त, वर्ष-दोन वर्षें मुखदर्शन नाहीं, पत्राचें उत्तर येईपर्यंत मूळ पत्रांतील दुःखही शिळें झालेलें. असा तो वियोग होता. तो अधिक क्रूर होता यांत शंका नाहीं. परंतु त्यांत कोणाचा दोष नव्हता. समुद्र हा मोठा सोशिक साक्षीदार होता. माणसांचे पुष्कळ अपराध तो आपल्या पोटांत घेई. आजारी बापाच्या उशाशीं मुलगा नसला तर लोक म्हणत, ‘बिचारा विलायतेंत आहे.’ त्या ‘बिचारा’ शब्दांत सगळा न्याय होऊन जाई.

याचें एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. गांधीजी १८८८ सालीं बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठीं विलायतेस गेले आणि १८९१ सालीं परत आले. मुंबईस उतरल्यावर त्यांस प्रथम कळलें कीं, आपली आई आतां या जगांत नाहीं. ते विलायतेंत असतांनाच ती निवर्तली होती. परंतु परमुलुखांत हा आघात सोसणें कठीण जाईल म्हणून वडील बंधूंनीं ती वार्ता त्यांस कळविली नव्हती. ही हकीगत त्यांनीं स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे. आतां ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, मुंबई व लंडन हीं शहरें १८७० सालींच समुद्राखालच्या तारेनें जोडलीं गेलीं होतीं. वार्ता पाठवावयाची असती तर ती पोंचण्यास आठवडे लागले नसते. म्हणजे येथें आई व मुलगा यांच्यामध्यें जें शेवटचें अंतर पडलें तें समुद्रानें पाडलें नव्हतें. तें बंधुप्रेमानें पाडलें होतें. तरीही त्या बंधूंस कोणी दोष देत नाहीं व देऊंही नये. कारण ‘कळून तरी तो करणार काय?’ या प्रश्नाला त्या काळीं उत्तर नव्हतें. वार्ता धांवत गेली असती, देह धांवत येऊं शकला नसता.

आज तो प्रश्न बिनतोड राहिलेला नाहीं. कळल्यावर येतां येतें. संध्याकाळीं निरोप मिळाला तर दुसऱ्या दिवशीं उंबऱ्यांत उभें राहणें अशक्य नाहीं. आणि शक्य झालेली गोष्ट न करणें ही अशक्य गोष्ट न करण्याहून सर्वस्वीं वेगळी आहे. पूर्वीं ‘तो आला नाहीं’ या वाक्यांत केवळ एक घटना होती. आज त्याच वाक्यांत एक निर्णय आहे. विमानानें माणसाला वाट दिली, त्याबरोबर त्याची सबबही काढून घेतली. वेगाची खरी किंमत भाड्यांत मोजली जात नाहीं. ती येथें मोजली जाते.

परंतु एवढ्यावरून दूरस्थ मुलांस दोषी ठरवून मोकळें होणें हा न्याय नव्हे. साडेनऊ तास हा विमानाचा वेळ आहे, माणसाचा नव्हे. कालिदासाच्या मेघदूतांतील यक्षाची स्थिति या ठिकाणीं आठवते. तो रामगिरीवर, म्हणजे पुष्कळांच्या मतें आपल्या नागपुराजवळच्या रामटेकावर, वर्षभर अडकून पडला होता, आणि त्याची प्रिया दूर अलकानगरींत होती. वस्तुतः यक्ष ही आकाशगामी जात. हिमालय त्याला दूर नव्हता. त्याला अडविलें तें पर्वतांनीं किंवा नद्यांनीं नव्हे, तर कुबेराच्या शापानें. सेवेंत चूक झाली म्हणून धन्यानें त्याचें सामर्थ्यच काढून घेतलें होतें. रामगिरि आणि अलका यांमधील अंतर म्हणजे वस्तुतः धन्याची आज्ञा होती. मेघाला वाट मोकळी, यक्षाला नाहीं.

आजच्या यक्षांचे कुबेर अनेक आहेत. एकाच्या हातीं रजा आहे, दुसऱ्याच्या हातीं व्हिसा आहे. लंडनच्या रुग्णालयांत परक्यांच्या आईबापांची रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या भारतीय परिचारिका आहेत. आपल्या स्वतःच्या आईसाठीं आठ दिवस मागावयाचे म्हणजे त्यांस वरिष्ठांच्या दारीं उभें राहावें लागतें. आईबापांनाच तिकडे नेऊन ठेवावें म्हटलें, तर ब्रिटिश सरकारनें २०१२ सालीं त्याविषयींचे नियम इतके कडक केले कीं, वृद्धास दीर्घकाळ दुसऱ्याच्या हातची देखभाल लागते व ती मायदेशीं मिळण्यासारखी नाहीं अथवा परवडण्यासारखी नाहीं, हें सिद्ध करण्याची पाळी आली. ज्याचा कागद अपुरा आहे, ज्याची नोकरी कच्ची आहे, ज्याच्यावर कर्ज आहे, त्याला मुंबई साडेनऊ तासांवर नसून कित्येक वर्षांवर असते. एकाच विमानांत शेजारीं बसलेल्या दोन उतारूंनीं एकच अंतर तोडलेलें असतें असें नाहीं.

आणि आकाशाचीही तीच गोष्ट. मुंबईहून लंडनला जाणारी आंखूड रेषा बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेन यांवरून जाते. भूमितीला राज्यें ठाऊक नसतात. विमानाला ठाऊक असावीं लागतात. २०१९ च्या फेब्रुवारींत पाकिस्ताननें आपलें आकाश बंद केलें, तें जुलैपर्यंत पूर्ण खुलें झालें नाहीं. एप्रिल २०२५ मध्यें तें भारतीय विमानांस पुन्हां बंद झालें. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं युक्रेनवर युद्ध कोसळलें आणि तेथील आकाश नागरी विमानांस मिटलें. जून २०२५ मध्यें इराणचें आकाशही लढाईनें कांहीं काळ बंद पडलें. नकाशावरची रेषा होती तेथेंच राहिली. वाट मात्र वळत गेली. या सर्वांहून मोठा धडा २०२० सालानें दिला. २३ मार्च २०२० पासून भारतानें नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबविली, ती २७ मार्च २०२२ रोजीं पूर्ववत् सुरू झाली. मध्यंतरीं कांहीं विशेष विमानें सुटलीं हें खरें. पण कित्येकांनीं आईबापांचा अंत्यविधि परदेशांतील खोलींत बसून हातांतल्या कांचेच्या पडद्यावर पाहिला. वाट तीच, विमानें तींच. पण साडेनऊ तास एका रात्रींत नाहींसे झाले आणि शिडाच्या जहाजांचा काळ परत आला.

तत्त्वज्ञांनीं अंतर व नीति यांच्या संबंधाचा विचार केला नाहीं असें नाहीं. ॲडम स्मिथनें १७५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत एक मार्मिक दृष्टांत घातला आहे. सगळा चीन देश भूकंपानें गडप झाला असें ऐकून युरोपांतील सज्जन मनुष्य हळहळेल, आणि मग स्वस्थ झोंपीं जाईल. पण उद्यां आपली करंगळी कापली जाणार हें कळलें तर त्याला झोंप येणार नाहीं. स्मिथ एवढ्यावर थांबत नाहीं. करंगळी वांचविण्यासाठीं तोच मनुष्य चीनचा बळी देईल काय, असें तो पुढें विचारतो, आणि ‘नाहीं’ असें उत्तर देऊन त्याचें श्रेय विवेकबुद्धीला देतो. अलीकडे पीटर सिंगर यांनीं १९७२ सालीं, पूर्व बंगालमधील हालअपेष्टा डोळ्यांपुढें ठेवून, असें प्रतिपादिलें कीं, समोरच्या डबक्यांत बुडणारें मूल आणि हजारों मैलांवर उपाशी मरणारें मूल यांत, आपणांस मदत करणें शक्य असेल तर, नीतिदृष्ट्या भेद नाहीं.

या विचारांचें मोल मोठें आहे. तथापि आमच्या प्रश्नाला ते पुरे पडत नाहींत. ते परक्यांविषयीं आहेत. परक्याच्या बाबतींत अंतरामुळें सहानुभूतीच क्षीण होते, आणि म्हणून तत्त्वज्ञाला ती जागी करावी लागते. आप्तांच्या बाबतींत तसें होत नाहीं. दूर असलेल्या मुलाला आईची आठवण कमी येते असें कोणता अनुभवी मनुष्य म्हणेल? तेथें भावना उणी नसते, तेथें साधन उणें असतें. आणि साधन वाढलें म्हणजे प्रश्न बदलतो तो याच कारणानें. ज्यांच्यामध्यें प्रेम नाहीं त्यांस विमानानें कांहींच जवळ आणलें नाहीं. ज्यांच्यामध्यें प्रेम आहे त्यांसच विमानानें अडचणींत टाकलें.

कोणी म्हणेल, आतां रोज तोंड पाहतां येतें, रोज बोलतां येतें. मग जाण्यायेण्याचें एवढें काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. सहा महिन्यांनीं येणाऱ्या पत्रासाठीं डोळे लावून बसलेल्या पिढीला ही सोय स्वर्गसुखासारखी वाटली असती. पण पडद्यावरचें मुख औषधाची बाटली उघडून देत नाहीं, जिन्यावर हात धरीत नाहीं. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, पडद्यापुढें दोन्ही बाजू थोडें खोटें बोलतात. आई पदर सांवरून ‘माझें छान चाललें आहे’ म्हणते; मुलगाही तेंच म्हणतो. गांधीजींच्या बंधूंनीं एकदां जें केलें तें आज दोन्हींकडून रोज होत असतें, आणि तेंही मायेपोटींच. एकाच घरांत चार दिवस राहिल्याखेरीज हें खोटें उघडकीस येत नाहीं. देहानें जवळ असण्याचा अर्थ केवळ सेवा करणें असा नाहीं; ज्याला कांहीं लपवितां येत नाहीं असा सहवास देणें, असा आहे.

शिवाय आरंभीं सांगितलेला वाऱ्याचा नियम घरांतही लागू पडतो. अंतर दोहों टोंकांस सारखें. वेळ सारखा नाहीं. जो गेला त्याचे दिवस कामानें, नव्या ओळखींनीं, मुलांच्या शाळांनीं भरलेले असतात. त्याचीं दोन वर्षें भरकन् जातात. जो मागें राहिला त्याचे दिवस रिकामे असतात. त्याचीं तींच दोन वर्षें संपतां संपत नाहींत. मुलगा मनांत म्हणतो, ‘आतांच तर जाऊन आलों’. आई मनांत म्हणते, ‘किती दिवस झाले!’ दोघेंही खरेंच बोलतात. एकाच्या पाठीशीं वारा आहे, दुसऱ्याच्या तोंडावर आहे, एवढाच भेद. म्हणून भेटींचा हिशेब जाणाऱ्याच्या घड्याळानें करूं नये. ज्याला वाट पाहावयाची आहे त्याच्या घड्याळानें करावा.

तेव्हां आमचा निष्कर्ष असा. प्रत्येक दूरस्थाच्या अनुपस्थितीचे तीन वांटे असतात. पहिला पृथ्वीचा, तो आतां फार लहान राहिला आहे, अवघ्या साडेनऊ तासांचा. दुसरा मनुष्यांनीं घातलेल्या बंधनांचा, म्हणजे रजेचा, व्हिशाचा, पैशाचा, युद्धाचा. हा कधीं कधीं फार मोठा असतो, परंतु तो एकट्या मुलाचा अपराध नव्हे. तो समाजाचा व राज्यांचा आहे, आणि कमी करावयाचा असेल तर तो सर्वांनीं मिळूनच कमी केला पाहिजे. तिसरा वांटा ज्याच्या त्याच्या इच्छेचा. पहिला वांटा जसजसा आटत जातो तसतसा हा तिसरा उघडा पडत जातो, ओहोटीच्या वेळीं खडक दिसूं लागावा तसा. कर्तव्य नवें उत्पन्न झालेलें नाहीं. तें पाण्याखालीं पूर्वींपासून होतेंच.

यावरून दोन्ही बाजूंस एकेक पथ्य निघतें. मागें राहिलेल्यांनीं दुसरा वांटा तिसऱ्यांत घालूं नये. ‘विमान आहे, मग येत कां नाहीं?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वीं त्या विमानाच्या दारापर्यंत पोंचण्यास मुलाला काय काय ओलांडावें लागतें याचा विचार करावा. आणि गेलेल्यांनीं तिसरा वांटा दुसऱ्यांत लपवूं नये. ‘रजा नाहीं’ असें म्हणतांना, रजा मागितली होती काय, हें स्वतःस एकदां विचारावें. पहिली चूक अन्यायाची आहे, दुसरी अप्रामाणिकपणाची. घरें मोडतात तीं बहुधा मैलांनीं नव्हे, या दोन चुकांनीं.

आपल्या भाषेंत ‘अंतर’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. दोन गांवांमधील लांबीला आपण अंतर म्हणतों, आणि ज्याला आपला आधार आहे त्याला सोडून देण्यासही ‘अंतर देणें’ असेंच म्हणतों. पहिलें अंतर आहे तेवढें आहे. तें कोणी कोणाला देत नाहीं. दुसरें मात्र दिल्यावांचून पडत नाहीं. आणि याच भाषेंत घराबाहेर पाऊल टाकणारा मनुष्य ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. जहाजांच्या काळीं त्या शब्दांत केवळ आशा होती; ऐकणाऱ्यालाही तें ठाऊक असे. आज विमानतळाच्या दारांत तोच शब्द उच्चारला जातो तेव्हां तो वचन झालेला असतो. वाट आंखूड झाल्यानें त्याचें वजन वाढलें आहे, हें तो उच्चारणाऱ्यानें विसरतां कामा नये.